लांब स्क्रू

बोट धुवावी तर हिच्यासारखी, असं धक्क्यावर सगळेच म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं. संध्याकाळची शेवटची फेरी झाली की आमचे हे इंजिन वर उचलून बांधायचे आणि घरी जायचे. मग मी पदर खोचून बोटीत उतरायचे. साबणाचा चुरा टाकून सगळा तळ खराट्याने घासायचा आणि वर बादलीमागून बादली पाणी ओतायचं. वीस-पंचवीस बादल्या तरी व्हायच्या. सकाळी तलावापलीकडच्या शेडमध्ये फळं भरायला जाणाऱ्या अकरा बायका पाय ठेवायच्या तेव्हा तळ ताटासारखा लख्ख असायचा.

आमची बोट फायबरची, वीस फुटी. तिला दोन तळ होते. एक आपण पाय ठेवतो तो, आणि एक खाली पाण्याला लागतो तो. दोन्हीच्या मध्ये पोकळी. ती पोकळी कोरडी राहिली पाहिजे, त्यावरच बोट हलकी राहते, हे मला माझ्या थोरल्या भावाने बोट घेतली त्याच दिवशी सांगितलं होतं. दादा बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. सगळा धक्का त्याला फिटर म्हणतो, आमचे हेसुद्धा त्याला फिटरच म्हणतात. मेहुणा असला तरी कामाच्या माणसाला कामाच्या नावानेच हाक मारावी असं यांचं म्हणणं.

बायकांमध्ये एक गुडघे दुखणाऱ्या मावशी होत्या. त्यांना खाली बसलं की उठता येत नसे, दोघींनी काखेत हात घालून उचलावं लागे. त्यांच्यासाठी बोटीत एक बाक करायचा असं मी फार दिवस मनात धरलं होतं. मग हे टायफॉइडने आडवे झाले, पंधरा दिवस बोट काठावर चढवून ठेवली, आणि मला वाटलं, हे उठतील तोवर बाक बसवून दाखवू.

दादाकडे ड्रिल मागायला गेले. त्याने ते पुसून दिलं. कागदाच्या पुडीत आखूड स्क्रू बांधून दिले. बाक बाजूच्या कट्ट्यांवर टेकवून बसव, तळाला भोक पाडायचं नाही, असं दोनदा बजावलं. ड्रिल दोन दिवसांत परत आण म्हणाला.

मी सांगितल्याप्रमाणे बाक कट्ट्यांवर बसवला. तो हलायला लागला. वर बसून बघितलं तर कुईकुई वाजायचा. मला राग आला. दादा इंजिनाचा माणूस, त्याला सुतारकामातलं काय कळतं, असं मी स्वतःशीच म्हणाले. हार्डवेअरच्या दुकानातून बोटभर लांब स्क्रू आणले, बाकाला खाली तीन पाय जोडले, आणि एकेका पायाला दोन असे सहा स्क्रू सरळ तळात पिळले. शेवटचं भोक पाडताना ड्रिलचं टोक मोडलं. तेव्हा तरी माणसाने थांबावं. मी तुटका तुकडा उपसून फेकला, स्क्रू हातोडीने ठोकून बसवला आणि वरून रंग दिला. हात रंगात होताच, म्हणून सगळीच बोट रंगवून काढली. बाहेरून पाण्याच्या रेषेला निळी पट्टी ओढली. मागे खालच्या बाजूला पोकळीतलं पाणी काढायचं पितळी बूच होतं, ते हिरवं पडलेलं वाईट दिसत होतं. त्याच्यावरही तीन हात दिले.

त्याच पंधरवड्यात दादाकडे आमचं दुसरं एक काम होतं. यांना ताप यायच्या आधी बोटीचा पंखा खडकाला लागून एका पात्याचं टोक दुमडलं होतं. ते सरळ करायला दिलेलं. हे उठून धक्क्यावर आले तेव्हा पंखाही तयार होता आणि बाकही. गुडघेवाल्या मावशी बाकावर बसल्या आणि त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. हे दिसेल त्याला सांगत होते, बाक आमच्या हिने केलाय.

तीन आठवडे सगळं ठीक चाललं. मग बोट मंद व्हायला लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. अठरा मिनिटांच्या जागी वीस लागली तर कोण घड्याळ बघतं? मग पंचवीस झाली. मग तीस. इंजिन ओरडायचं तर असं, की पलीकडच्या काठावरची माणसं मान वळवून बघायची. पण बोट पुढे जायला तयार नाही. नाक वर, शेपूट खाली, मागे नुसतं पाणी घुसळलं जायचं. हे इंजिनाचा दांडा घट्ट धरून पुढे वाकून उभे राहायचे, जणू यांनी वाकल्याने ती पळणार होती.

शेडचा भोंगा आठला होतो. पहिल्या दिवशी आम्ही भोंगा झाल्यावर पोहोचलो तेव्हा बायका हसल्या. त्यांच्यातली एक अखंड बोलते, तिला सगळ्या रेडिओ म्हणतात. ती म्हणाली, आज नवरा-बायकोचं भांडण झालंय वाटतं, बोट रुसलीय. तिसऱ्या दिवशी मुकादमाने फाटकातूनच सगळ्यांना अर्ध्या दिवसावर परत पाठवलं. त्या परत आल्या आणि धक्क्यावर एक ओळ करून बसून राहिल्या.  रेडिओसुद्धा नुसती पिशवीचा बंद सोडत-बांधत होती. मी दोर गुंडाळण्यात फार गुंतल्यासारखं दाखवलं.

यांनी मग एकेक करून सगळं बघायला घेतलं. इंजिनाचे प्लग बदलले, पेट्रोलची गाळणी धुतली. पंख्याच्या मागे दांड्याला मासेमारीची दोरी गुंडाळलेली निघाली, ती चाकूने कापून काढली आणि मोठ्या आनंदाने मला दाखवली. सापडला चोर, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीस मिनिटं. मग छातीभर पाण्यात उभं राहून बोटीच्या पोटाला लागलेलं शेवाळ पत्र्याच्या तुकड्याने खरवडलं. टायफॉइडमधून नुकतं उठलेलं अंग, बाहेर आले तेव्हा ओठ निळे होते आणि बोटांच्या सालपटांतून रक्त येत होतं. मग पंखा हवा ओढत असेल म्हणून इंजिन दोन बोटं खाली उतरवून बसवलं. काही फरक नाही.

शेवटी वजन पुढे घ्यायचं ठरलं. सगळ्यात जाडजूड जी होती तिला यांनी चारचौघींत सांगितलं, बाई, तुम्ही पुढच्या टोकाला बसा. ती उठून पुढे गेली, पण तिचं तोंड मला अजून दिसतं. मावशींनाही बाकावरून उठवलं आणि पुढे खाली बसवलं. त्यांचा बाक रिकामा राहिला.

रेडिओ तेव्हा म्हणाली, "काही म्हणा, कुठंतरी पाणी मुरतंय." ती आपली इंजिनाबद्दल, पेट्रोलात भेसळ असेल त्याबद्दल बोलत होती. मी मात्र मान वळवून बाकाखाली बघितलं.

कारण आदल्या संध्याकाळी मी ते बघितलं होतं. बोट धुऊन झाली होती, बोटीत कुणी नव्हतं, इंजिनही वर बांधलेलं होतं. मी धक्क्याच्या पायरीवर बसून हात धूत होते आणि सहज माझी निळी पट्टी कशी दिसते म्हणून बघितलं. पट्टी नव्हतीच. मागच्या बाजूने ती पाण्याखाली चार बोटं गेली होती. रिकामी बोट अशी बसत नाही. मी रंगवली तेव्हा पट्टी पाण्याच्या वर होती, मीच मोजून ओढली होती.

मी पुन्हा बोटीत चढले आणि बाकाखाली वाकून बघितलं. सहा स्क्रूंच्या भोवती रंगाला बारीक चिरा पडल्या होत्या. मी ओंजळभर पाणी एका स्क्रूवर टाकलं. ते जरा थांबलं आणि मग हळूहळू आत गेलं. म्हणजे दीड महिना मी रोज पंचवीस बादल्या ओतत होते, त्यांनी काही नुसता तळ धुतला जात नव्हता. त्यातलं थोडं थोडं मी आमच्याच बोटीच्या पोटात साठवत होते. अति तिथं माती म्हणतात, इथे पाणी झालं होतं.

तेव्हाच घरी जाऊन सांगायचं. एवढं सोपं होतं. पण हे घरी पाय शेकत बसले होते आणि सासूबाई यांच्या बोटांना मलम लावत होत्या, आणि म्हणत होत्या, त्या फिटरने पंखा नीट केला नसेल, जवळच्या माणसाला काम दिलं की असंच होतं. यांनी मान वर केली. मी तोंड उघडायला आणि यांनी बोलायला एकच गाठ पडली. हे म्हणाले, आई, तू म्हणतेस तेच खरं. पंख्याला हात लागला आणि त्यानंतरच हे सुरू झालं.

आणि मी मूग गिळून बसले. सकाळी सांगू म्हटलं.

सकाळची फेरी करून आल्यावर यांनी पंखा काढला आणि दादाच्या दुकानाकडे निघाले. दुकान धक्क्यालाच लागून आहे, पाण्याकडे तोंड करून. दादा कुणाचं तरी इंजिन उघडून बसला होता, तीन मच्छीमार भोवती उभे होते. यांनी पंखा त्याच्यासमोर टाकला. तो फरशीवर आपटून गरगरत त्याच्या पायाशी जाऊन थांबला.

"पाती सरळ करायला दिली होती," हे म्हणाले, "सपाट करायला नव्हती दिली. आमच्या पोटावर पाय देऊन तुला काय मिळालं?"

दादा उठला नाही. त्याने पंखा उचलून मांडीवर घेतला, एकेक पातं अंगठ्याने चाचपलं. म्हणाला, पाती ठीक आहेत. आतलं रबर घसरत असेल तर मात्र इंजिन फिरतं आणि पंखा फिरत नाही, ते आपण बघू. त्याने पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, आतल्या नळीपासून बाहेरच्या कवचापर्यंत सरळ. हा बसवून जोरात एक चक्कर मारून या. रबर घसरलं असेल तर रेघ मध्ये तुटेल. तुटली तर चूक माझी.

हे चक्कर मारून आले. मी धक्क्यावर उभी होते आणि मनातल्या मनात, तुट बाई, तुट, असं रेघेला म्हणत होते. भावाचं वाईट व्हावं म्हणून कोणी अशी वाट बघत असेल का? पण मी बघितली. इंजिन वर उचललं. रेघ अखंड होती.

तीन मच्छीमारांनी ती बघितली. यांनीही बघितली, आणि हे आणखीच चिडले. रेघोट्या मारून काही सिद्ध होत नाही, पात्यांचा पीळच बिघडवलाय, असं म्हणून हे पेट्रोलच्या डब्याकडे वळले. नाचता येईना अंगण वाकडं, असं एक मच्छीमार हळूच पुटपुटला. ते यांच्यासाठी होतं की दादासाठी, मला कळलं नाही.

हे डबा भरायला गेले तेव्हा दादा धक्क्याच्या पायऱ्या उतरून बोटीपाशी आला. त्याने एक पाय बोटीच्या मागच्या कडेवर ठेवला आणि दाबला. हलकी बोट लगेच वर येते. आमची बोट खाली गेली आणि सावकाश, आळसावल्यासारखी वर आली. आत कुठेतरी पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेल्याचा आवाज झाला. दादा तसाच उभा राहिला.

"धाकटे," तो म्हणाला, "बाकाला स्क्रू कोणते घातलेस?"

"तू दिलेस तेच," मी म्हणाले. "आखूड."

"कट्ट्याला?"

"कट्ट्याला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग बरं म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला. बाकाचे तीन पाय त्याच्या डोळ्यांसमोर तळावर रोवलेले होते. लहानपणी आईच्या डब्यातली साखर खाऊन मी तोंड न पुसताच नाही म्हणायचे, तेव्हाही तो असाच बरं म्हणायचा.

घरी ड्रिल होतं. दोन दिवसांचं बोलून दोन महिने झाले होते. मोडलेल्या टोकामुळे परत द्यायची हिंमत होत नव्हती. आखूड स्क्रू कट्ट्याला लावताना ड्रिल मोडत नाही, हे तो एका नजरेत ओळखणार. मी ते जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी, गोधड्यांच्या खाली सारलं.

त्या आठवड्यात दादाच्या दुकानातून तिन्ही मच्छीमारांनी आपली इंजिनं उचलली. भांडून नाही. एकाने शहरात नातेवाईक असल्याचं सांगितलं, दुसऱ्याने घाई असल्याचं, तिसरा काहीच बोलला नाही. जो माणूस बहिणीच्या बोटीचा पंखा बिघडवतो तो आमचं काय करेल, असं धक्क्यावर बोलणं झालेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. मी पाणी भरायला गेले की दादा दुकानाच्या दारात रिकामा बसलेला दिसायचा. माझ्याकडे बघायचा. मी घागर कमरेवरून डोक्यावर घ्यायचे, म्हणजे तोंड हाताआड होतं.

शुक्रवारी मुकादमाने यांना शेवटचं सांगितलं. सोमवारी बायका वेळेवर आल्या नाहीत तर मंगळवारपासून शेडची स्वतःची बोट येईल. हे शनिवारी शहरात जाऊन नवा पंखा घेऊन आले. अंधार पडायच्या आत बघून घेऊ म्हणून आम्ही दोघेच बोट घेऊन निघालो.

तलावाच्या मध्यावर यांनी दांडा पूर्ण पिळला. इंजिन तसंच ओरडलं, नाक तसंच वर गेलं, बोट तशीच रखडली. यांनी इंजिन बंद केलं. एकदम एवढं शांत झालं की बोटीच्या पोटातलं पाणी हलताना मला ऐकू आलं. हे दोन्ही हात मांडीवर टाकून बसले. सालपटं निघालेल्या बोटांवर नव्या पंख्याचं वंगण लागलेलं.

"मग आहे काय?" हे म्हणाले. मला नाही, पाण्याला विचारल्यासारखं. "आता मी आणखी काय करू?"

तेव्हा मी सांगितलं. बाक, स्क्रू, बादल्या, बूच, निळी पट्टी. सांगताना मी बाकाच्या पायाकडे बघत होते. हे वाकले आणि एका स्क्रूच्या डोक्यावर बोट ठेवून बघितलं.

"तुला कधी कळलं?"

"दहा दिवस झाले."

"मी त्याच्यापुढे पंखा टाकला तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

हे ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर मला रडता तरी आलं असतं. यांनी वल्हं घेतलं आणि इंजिन न लावता बोट वल्हवत परत आणली. तासभर लागला. धक्का जवळ आला तेव्हा म्हणाले, यातलं कुणाला बोलायचं नाही. उद्या सुट्टी आहे, धक्क्यावर कोणी नसतं. आपण पाणी काढून टाकू. विचारलं तर नव्या पंख्याने झालं म्हणून सांगायचं. फिटरला मी नंतर कधीतरी एकट्यात भेटीन.

मी मान हलवली. इतकंच नाही, मला हायसं वाटलं. सगळ्या गोष्टीत मला कशाची सगळ्यात जास्त लाज वाटत असेल तर त्या हायसं वाटण्याची.

रविवारी दुपारी, उन्हाने माणसं घरात दडलेली असताना, आम्ही चेनपुलीने बोट उतारावर ओढली. एरवी हे एकटे ओढतात. त्या दिवशी दोघांनी साखळीला लोंबकळलं तरी ती वीतभर वर यायची आणि थांबायची. माझ्या तळव्यांना फोड आले. बोट नाक वर करून चढली तेव्हा यांनी मागे बसून माझा रंग चाकूने खरवडला. तीन थर. खाली बूच निघालं. पान्याने ते फिरवलं आणि हे बाजूला झाले.

पाणी अंगठ्याएवढ्या धारेने सुटलं आणि दोन तास थांबलं नाही. काळपट, कुबट पाणी. पण त्याला फेस येत होता. उतारावरून तलावापर्यंत पांढरा फेसाचा पट्टा गेला, आणि कुबट वासाच्या खालून माझ्या साबणाचा वास आला. लिंबाचा. यांनी तो ओळखला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. आम्ही दोघे नवरा-बायको एखाद्या घरफोड्यासारखे रस्त्याकडे नजर ठेवून उभे होतो, कोणी येत नाही ना म्हणून.

कोणी आलं नाही. बूच पिळून आम्ही बोट पाण्यात सोडली. निळी पट्टी पाण्याच्या वर, मी ओढली होती तिथेच.

सोमवारी बोट उडाली. दुसरा शब्द नाही. सतरा मिनिटांत आम्ही पलीकडे होतो, भोंगा व्हायला वेळ होता, आणि मुकादमाने फाटकातून हात वर करून यांना शाबासकी दिली. मावशी बाकावर बसल्या होत्या. जाडजूड बाईही आपल्या जुन्या जागी. रेडिओला कंठ फुटला होता. ती म्हणाली, बघितलंत, पंखा बदलला आणि काम झालं, म्हणजे त्या फिटरनेच तुम्हाला बुडवलं होतं. सख्खा भाऊ असून. बाकीच्यांनी माना डोलावल्या. हे हसले. मीसुद्धा हसले असेन, कारण मावशी माझ्याकडे बघून हसल्या.

परत येताना बोट रिकामी होती आणि आणखीच पळत होती. दादा दुकानाच्या दारात बसला होता. बोटीचा आवाज ऐकून तो उठला, कपाळावर हात धरून बघितलं, आणि त्याने हात वर केला. बोट पळतेय म्हणून त्याला बरं वाटलं होतं. बाकी काही नव्हतं त्या हातात. यांनी तोंड फिरवलं. मला कुठे बघावं कळेना.

घरी गेले आणि पेटीतून ड्रिल काढलं. लुगडं सोडून ठेवलं. ते तसंच उघडं हातात धरून संध्याकाळच्या फेरीची वाट बघत बसले. सासूबाईंनी विचारलं तेव्हा दादाचं आहे, द्यायचंय, एवढंच म्हणाले.

बोट लागली, अकरा बायका उतरल्या, आणि धक्का भरलेला असताना मी त्यांच्यामधून दादाच्या दुकानापर्यंत गेले. यांच्या हातात दोर होता. माझ्या हातात काय आहे ते यांनी बघितलं आणि दोर तसाच धरून उभे राहिले. अडवलं नाही. मी उंबऱ्याशी थांबले आणि बायकांकडे तोंड केलं, कारण दादाकडे तोंड करून मला बोलता आलं नसतं.

"दादाने पंखा बिघडवला नव्हता," मी म्हणाले. "तळाला भोकं मी पाडली. त्याने नको म्हणून सांगितलं होतं तरी पाडली. पोकळीत पाणी भरलं होतं. ते काल आम्ही चोरून काढलं. जुना पंखा आजही लावला तरी बोट अशीच पळेल."

 ज्यांचे अर्धे दिवस बुडाले होते त्यांतल्या एकीने, मग आमचे बुडाले त्याचं काय, असं विचारलं. तिचं बरोबर होतं.  मावशींनी माझ्या हातातल्या ड्रिलकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे, आणि त्या हळूहळू चालू लागल्या. माझ्या बाकाने हे सगळं झालं असं त्यांना वाटलं असणार. त्या दिवसानंतर त्या बाकावर कधी बसल्या नाहीत, कितीही म्हटलं तरी.

दादाने ड्रिल घेतलं. डोळ्यांसमोर धरून मोडक्या टोकावर बोट फिरवलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"पाय ठेवला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस? इंजिनं उचलून नेली त्यांनी."

"तू सांगशील म्हणून थांबलो," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज येशील. दारातच बसून होतो."

मी घागर डोक्यावर घेऊन त्याच्यासमोरून जात होते ते सगळे दिवस मला आठवले. जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात, पण धक्क्याची जमीन दगडी आहे. मी तिथेच उभी राहिले. दादाने आत जाऊन फायबर बुजवायचा डबा आणला आणि विचारलं, भोकं बुजवलीत का? नव्हती बुजवली. पाणी काढायच्या घाईत दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. सहा भोकं तशीच ठेवून आम्ही नवा पंखा मिरवत होतो.

"मग महिन्याभराने पुन्हा माझ्याच दारात पंखा टाकाल," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरला. हे खाली मान घालून बाजूला झाले, त्याला बोटीत चढायला हात दिला. त्याने तो घेतला. तो गुडघ्यांवर बसून स्क्रू काढायला लागला, तेव्हा मी पदराने तळ पुसून कोरडा करत होते, त्याचा हात जाईल तिथे त्याच्या आधी.

दोन इंजिनं चार-पाच दिवसांत दादाकडे परत आली. तिसरं आलं नाही. तो मच्छीमार आमच्या शेजारीच बोट लावतो, त्या दिवशी धक्क्यावर तोही होता. मी आपण होऊन त्याच्याकडे गेले आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, भावासाठी एवढ्या लोकांत स्वतःवर आळ घेतलास, कोण करतं आजकाल. मी म्हणाले, आळ घेतला नाही, खरंच मी केलं. तो हसला आणि म्हणाला, हो, हो.

आता तो रोज सकाळी मला नमस्कार करतो. परवा त्याने मुकादमालाही मला दाखवून सांगितलं, बहीण असावी तर अशी.